बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणांची टपालाने पाठवणी (सातारा–सांगली)

बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणांची टपालाने पाठवणी : मोबाइल, लॅपटॉप, हेडफोन, विजेरी, इलेक्ट्रॉनिक काटा अशा वस्तू पोस्टाच्या नियमांत बसतील आणि वाटेत पेट घेणार नाहीत अशा बेताने पाठवण्याची पद्धत. साताऱ्यात अपशिंगे मिलिटरीसारखी सैनिकांची गावे आहेत आणि सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातले गलाई (सोने-चांदी गाळण्याचे) व्यावसायिक देशभर पसरले आहेत. त्यामुळे या दोन जिल्ह्यांतून अशी पार्सले फार दूर जातात आणि दूरची स्पीड पोस्ट डाक अनेकदा विमानात चढते. नियमांचा कडकपणा आहे तो या विमानप्रवासामुळे.

लिथियम-आयन बॅटरीत दोन ध्रुवांमध्ये प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो आणि भोवती ज्वलनशील द्राव. दाब, उष्णता किंवा शॉर्टसर्किटमुळे पडदा फाटला की सेल (बॅटरीतला एकेक घटक) स्वतःच तापत जातो, शेजारच्या सेललाही तापवतो आणि मग ही साखळी थांबत नाही. विमानाच्या मालकक्षातला हॅलॉन वायू बाहेरची ज्वाळा दाबू शकतो, पण सेलच्या आतली अभिक्रिया थांबवू शकत नाही. 3 सप्टेंबर 2010 रोजी दुबईजवळ बोइंग 747 मालवाहू विमान आगीमुळे कोसळले आणि दोन्ही वैमानिक दगावले. त्या मालात लिथियम बॅटऱ्या मोठ्या प्रमाणात होत्या. प्रवासी विमानांतून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेण्यास 1 एप्रिल 2016 पासून बंदी आहे.

आपल्याकडे स्फोटक व धोकादायक वस्तू पोस्टात टाकण्यास 1898 च्या टपाल कायद्यापासूनच मनाई होती. 18 जून 2024 पासून त्याची जागा पोस्ट ऑफिस कायदा, 2023 ने घेतली. आंतरराष्ट्रीय हवाई टपालाचा नियम असा : बॅटरी उपकरणात बसवलेली हवी, सेलची क्षमता 20 वॉट-तासांपेक्षा (वॉट-तास म्हणजे साठणाऱ्या ऊर्जेचे माप) आणि बॅटरीची 100 वॉट-तासांपेक्षा जास्त नको, आणि एका पार्सलात चार सेल किंवा दोन बॅटऱ्या एवढीच कमाल मर्यादा. तीही संबंधित देशाच्या विमान वाहतूक प्राधिकरणाने तिथल्या टपाल खात्याला मंजुरी दिली असेल तरच. वॉट-तास काढणे सोपे आहे. बॅटरीवरच्या मिलिअँपिअर-तासांना 1000 ने भागून व्होल्टने गुणावे. 5000 चा मोबाइल साधारण 19 वॉट-तासांचा निघतो.

सर्वांत जास्त गोंधळ पॉवर बँकेवरून होतो. ते उपकरण वाटते, पण नियमांच्या दृष्टीने ती सुटी बॅटरीच. 10,000 ची पॉवर बँक 37 वॉट-तासांची, म्हणजे मर्यादेच्या कितीतरी आत असूनही हवाई टपालात चालत नाही. थंडीच्या जागी बॅटरी लवकर उतरते, म्हणून आई-वडील सैन्यातल्या मुलाला नेमकी हीच पाठवू पाहतात. त्यामागची माया खरी आहे, तरीही ती रजेवर आलेल्या मुलाबरोबर केबिनच्या पिशवीतून जावी. 56 एपीओ किंवा 99 एपीओ (एपीओ म्हणजे सैन्याचे टपाल कार्यालय) असा पत्ता असलेल्या पाकिटावर गावाचे नाव नसते, त्यामुळे डाक कोणत्या मार्गाने जाते ते घरच्यांना कळत नाही. विमान लागणारच असे धरून बांधणी करावी. मोबाइलबाबत युनिटचे नियम वेगळे असतात, ते मुलाला आधी विचारून घ्यावेत.

बांधणीत पहिले काम म्हणजे उपकरण पूर्ण बंद करणे. लॅपटॉप नुसता मिटून ठेवला तर तो झोपेत असतो, बंद नसतो, आणि खोक्यात गरम होऊ शकतो. चार्ज 30 टक्क्यांच्या आसपास ठेवावा, कारण भरलेली बॅटरी बिघडली तर आग जास्त जोरात भडकते. विजेरीतले साधे सेल काढून घ्यावेत. ते पाठवायचेच असतील तर टोकांवर चिकटपट्टी लावावी. वस्तूभोवती बबल रॅप, मग जाड पुठ्ठ्याचा खोका. हलवून पाहिल्यावर आत काही खडखडता कामा नये. काउंटरवर आत काय आहे ते स्पष्ट सांगावे. ‘कपडे’ म्हणून मोबाइल पाठवणे हा इतरांच्या जिवाशी खेळ आहे.

गलाईवाल्यांच्या काही इलेक्ट्रॉनिक काट्यांत लहान बंद शिसे-आम्ल बॅटरी असते. तिथे धोका आगीपेक्षा आम्लाचा. काटा दुरुस्तीला पाठवताना ती काढून ठेवावी आणि नवी पोहोचल्या गावीच घ्यावी. द्राक्षबागेतल्या फवारणी पंपाच्या बॅटरीलाही हेच लागू. ती रस्त्याने ट्रान्सपोर्टवाल्याकडून, आधी सांगून पाठवणे योग्य.

महापुरानंतरची पार्सले हा सांगलीचा खास प्रश्न आहे. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये कृष्णेचे पाणी शहरातल्या घरादुकानांत शिरले. असा भिजलेला मोबाइल वाळवल्यावर सुरू झाला, तरी आत गंज चढत राहतो आणि शॉर्टसर्किट काही दिवसांनीही होऊ शकते. भिजलेली, फुगलेली, चेपलेली किंवा कंपनीने परत मागवलेली बॅटरी विमानाने पाठवता येत नाही, उपकरणात असली तरीही. फुगलेली बॅटरी टोचून हवा काढण्याचा प्रकार तर कधीच करू नये. ती कोरड्या वाळूच्या डब्यात, घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावी आणि स्वतः नेऊन कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.