काचेवरचे ओघळ आणि टँकरचं पाणी

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या संकुलात दिवाळीच्या तोंडावर एक तक्रार हमखास कानावर येते. काच तीनदा पुसली, तरी ऊन आलं की ओघळ दिसतातच. खापर फुटतं ते पुसणाऱ्या हातावर, आणि तो हात बहुतेक घरांत कामाला येणाऱ्या मावशींचा असतो. मला हे फार खटकतं. हात तोच आहे, फडकंही तेच आहे. बदलली आहे ती काच, आणि बदललंय ते पाणी.

ठाण्याच्या जुन्या आळ्यांतल्या घरांच्या खिडक्यांना लाकडी झडपा आणि लोखंडी गज असत. पुसायला काच असे ती देवाच्या तसबिरीची आणि कंदिलाची. महाराष्ट्रात स्वदेशी काच रुजली तीही याच वस्तूंच्या आसऱ्याने. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना तळेगावात 1908 साली निघाला आणि पुढे ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघरी पोचला. आमच्या गावी आई तिन्हीसांजेच्या आत कंदिलाची काच काढायची. काजळी आधी चुलीच्या चाळलेल्या राखेने सुटी करायची, मग काचेत तोंडाने दोनदा ‘हाः’ करून वाफ धरायची आणि वर्तमानपत्राचा बोळा आत फिरवायची. काच लख्ख. पाण्याचा थेंबही लागत नसे. खरं तर लागत होता, पण तो श्वासातला. वाफेतून जमलेलं ते पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं, म्हणून वाळताना मागे काही ठेवत नाही. आईला हे रसायन ठाऊक नव्हतं, रीत मात्र अचूक होती.

तीच रीत पुढे तावदानांवर आली. 1970 साली नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे वाशी उभी राहू लागली, तेव्हा इकडच्या इमारतींत लोखंडी चौकटीच्या खिडक्या सर्रास दिसत. लहान लहान तावदानं, कडेला लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. काच वितळलेल्या रसातून ओढून काढलेली, म्हणून तिच्यात लाटा असत. पलीकडचा विजेचा खांब वाकडा दिसे. अशा काचेवर बारीक ओघळ कुणाच्या नजरेत भरणार? वर्तमानपत्राचा बोळा तिथे पुरायचा. कागद फडक्यासारखे तंतू सोडत नाही हा त्याचा मोठा गुण, आणि तो आजही खरा आहे. फक्त पांढऱ्या ॲल्युमिनियमच्या चौकटीला शाई लागते, तेवढं सांभाळावं.

मग आली फ्लोट काच. वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट करण्याची ही पद्धत इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने 1959 मध्ये जाहीर केली. नव्वदच्या दशकात ती काच आपल्या तळोज्यातही बनू लागली. स्लायडिंगची मोठमोठी पानं आली, आरशासारखी सपाट. त्यावर बोटाचा ठसासुद्धा लपत नाही.

आणि पाणी. धरणाचं पाणी मुळात पावसाचं, त्यात क्षार कमी. नवी मुंबईकरांना मोरबे धरणाचं पाणी मिळतं, त्या बाबतीत ते सुखी. आमच्याकडे काचा आणि गाड्या धुवायला बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी. थेंब वाळताना त्यातले क्षार कडेकडेला सरकतात, म्हणून डाग ठिपक्यासारखा न दिसता पांढऱ्या कड्यासारखा दिसतो. ताज्या डागावर व्हिनेगर किंवा लिंबू लावलं की कॅल्शियमचा थर विरघळतो. पण वर्षानुवर्षं तसाच राहिलेला थर काचेलाच खातो. मग पॉलिश करण्यावाचून इलाज नाही. राखेची आठवण ठेवून कुणी रांगोळीने घासायला जाऊ नये. रांगोळीची गारगोटी काचेहून कठीण असते. माझ्या गॅलरीच्या दारावर असे तीन ओरखडे कायमचे आहेत.

अमेरिकेत काच पुसायचं तयार द्रावण, विंडेक्स, 1933 मध्ये आलं. आपल्याकडे त्याच जातीचं कॉलिन. अशा फवाऱ्यांतला द्रव चटकन उडून जातो. पण धुळीचा थर तसाच ठेवून फवारा मारला की चिखल होतो आणि तो चिखलच आपण पसरवत बसतो. त्याहून मोलाचा वाटतो तो वायपर. अमेरिकेतल्याच ओकलंडच्या एट्टोरे स्टेकोने या खिडक्या पुसणाऱ्या कारागिराने 1936 मध्ये एकाच रबरी पट्टीच्या हलक्या पितळी वायपरचं पेटंट घेतलं. त्यातलं मर्म साधं आहे: पाणी काचेवर वाळूच द्यायचं नाही, त्याआधीच ओढून काढायचं. म्हणून ऊन उतरल्यावर काम, बादलीत भांड्यांच्या साबणाचे दोनचारच थेंब, आणि दर ओढीनंतर पट्टी कोरडी पुसायची. बाहेरचं पान शक्यतो उचलून आत घ्यावं. वरच्या मजल्यावर कुणालाही खिडकीबाहेर वाकायला लावू नये.

गेल्या मे महिन्यात मी एसीच्या नळीखाली बादली ठेवली. तेही हवेतली वाफ जमून झालेलं पाणी, आईच्या ‘हाः’सारखं. गाळून घेतलं आणि मावशींना म्हटलं, आज शेवटचा हात याचा द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आठचं ऊन थेट काचेवर आलं. मावशी हातातला केर तसाच ठेवून खिडकीपाशी आल्या, मान तिरकी करून खालपासून वरपर्यंत काच पाहिली आणि म्हणाल्या, “ताई, ती बादली सांडू नका हं. स्वयंपाकघराची खिडकी राहिलीय.”