स्मृतीच्या चोराचा माग

पतंजलींच्या योगसूत्रांत स्मृतीची व्याख्या एका ओळीत येते : ‘अनुभूतविषयासंप्रमोषः स्मृतिः’. अनुभवलेला विषय चोरीला न जाणं म्हणजे स्मृती. ‘मुष्’ हा धातू चोरीचा, आणि वाचस्पतिमिश्रांनी आपल्या टीकेत ‘संप्रमोष’ म्हणजे ‘स्तेय’, चोरी, असाच अर्थ दिला आहे. या व्याख्येतला नकार मला फार मोलाचा वाटतो. आठवणं म्हणजे काय हे सांगताना सूत्रकार विसरण्यापासून सुरुवात करतात. जाणं हे जणू धरूनच चालायचं. राहिलं तर तीच सांगण्यासारखी गोष्ट.

चोरी आली की चोराचा प्रश्न येतो. माणूस शिकलेलं, पाहिलेलं, सोसलेलं विसरतो, तेव्हा ते नेतं कोण? गेल्या सुमारे दीडशे वर्षांत प्रयोगशाळांमध्ये स्मृतीवर जे काम झालं, त्यात हा प्रश्न पुन्हा पुन्हा वर आला आणि प्रत्येक पिढीचा संशय वेगळ्यावर गेला.

त्याआधी अनेक शतकं चोर शोधण्यापेक्षा राखणीवरच भर होता. वेद लिहून न ठेवता मुखोद्गत राखायचे, म्हणून पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रीती घडल्या. घनपाठात दोन पदं सरळ, मग उलट, लगेच तिसरं पद जोडून तिन्ही सरळ, उलट, पुन्हा सरळ असं म्हणत पुढे जायचं. एक पद निसटलं किंवा जागा बदलून बसलं, तर पुढच्याच आवर्तनात ते उघडं पडतं. आपल्याकडच्या घरांत याचं साधं रूप म्हणजे परवचा. तिन्हीसांजेला दिवा लागला, शुभंकरोती झालं, की पाढे, तिथी, नक्षत्रं, मराठी महिने. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी माझ्या पिढीपर्यंत पोचल्या त्या या रोजच्या म्हणण्यातूनच. त्यात ‘आजचं आज घोकून संपव’ असा हिशेब नव्हता. आज थोडं, उद्या तेच, परवा तेच आणि वर थोडं नवं. या सवयीमागे काय दडलं आहे, ते मोजायला मात्र १८७९ साल उजाडावं लागलं.

त्या वर्षी हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन तरुणाने एक विलक्षण चिकाटीचं काम सुरू केलं. प्रकाश किंवा वजन यांच्या जाणिवेची मोजमापं तेव्हा होऊ लागली होती, पण स्मृतीसारखी गोष्ट मोजता येईल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. एबिंगहाऊस यांच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती की प्रयोगाला बसणारी माणसंही नव्हती. त्यांनी स्वतःलाच प्रयोगाला बसवलं. अर्थ असलेला मजकूर घेतला तर अर्थाची, ओळखीची मदत होणार, म्हणून दोन व्यंजनांमध्ये एक स्वर असे सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट त्यांनी तयार केले. त्यांच्या माळा लावायच्या, ठरावीक गतीने मोठ्याने वाचायच्या, न अडखळता म्हणता येईपर्यंत. मग वेळ जाऊ द्यायचा आणि तीच माळ पुन्हा पाठ करायची.

त्यांच्या पद्धतीचं मर्म पुढे आहे. ‘किती आठवतंय?’ हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी पाहिलं ते दुसऱ्यांदा पाठ करताना किती श्रम वाचले. पहिल्यांदा हजार सेकंद लागले आणि दुसऱ्यांदा सहाशे, तर बचत ४० टक्के. काही आठवत नाही असं वाटत असतानाही श्रम वाचत असतील, तर काहीतरी मागे उरलं आहे. न्यायदर्शनाचे पंडित, नैयायिक, ज्याला ‘संस्कार’, म्हणजे अनुभवाचा मागे उरलेला ठसा, म्हणतात, त्याचं हे पहिलं मोजमाप म्हणायला माझी हरकत नाही.

आकडे असे निघाले : वीस मिनिटांनी बचत ५८ टक्के, तासाने ४४, एका दिवसाने सुमारे ३४, सहा दिवसांनी २५ आणि ३१ दिवसांनी २१. उतार सुरुवातीला कड्यासारखा, पुढे जवळजवळ सपाट. पहिल्या तासात जितकं जातं, तितकं पुढच्या अख्ख्या महिन्यातही जात नाही. १८८५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. २०१५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये हाच प्रयोग तसाच पुन्हा करून पाहिला गेला, तेव्हाही रेघ जवळपास तशीच आली. एकट्या माणसाने स्वतःवर केलेल्या कामाला १३० वर्षांनंतर असा दुजोरा मिळावा, हे विरळाच.

या आलेखाचा आज मात्र बराच गैरवापर होतो, आणि तो मला खटकतो. ‘माणूस ऐकलेल्यातलं ७० टक्के एका दिवसात विसरतो’ असं प्रशिक्षणवर्गांतून बेधडक सांगितलं जातं. एबिंगहाऊस यांनी असं म्हटलेलं नाही. त्यांचे आकडे निरर्थक अक्षरांचे होते आणि वाचलेल्या श्रमांचे होते. अर्थ असलेल्या मजकुराचं काय होतं, तेही त्यांनी पाहिलं होतं : बायरनच्या एका दीर्घ काव्यातली कडवी पाठ करायला तेवढ्याच लांबीच्या निरर्थक माळेच्या साधारण एक दशांश श्रम पुरले. परवचाचं कोडंही त्यांच्याच वहीत सुटलं होतं. एका दिवशी सलग ६८ वेळा घोकून जे साधलं, तेच तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवर्तनांत साधलं.

म्हणजे पहिला संशयित ठरला काळ. पण काळ हा तसा पोकळ आरोपी. नुसता वेळ गेला म्हणून लोखंड गंजत नाही, हवा आणि पाणी लागतं. १९०० साली ग्योटिंगेनमध्ये म्युलर आणि पिल्त्सेकर यांनी दाखवलं, की एक माळ पाठ केल्यावर लगेच दुसरी घेतली तर पहिली ढासळते. मध्ये स्वस्थ बसू दिलं तर टिकते. त्यांनी मांडलं, की नवी आठवण काही काळ ओली असते, तिला सुकायला सवड लागते. १९२४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डालेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना दहा-दहा अक्षरगट पाठ करायला दिले. कधी त्यानंतर झोपायचं, कधी जागं राहून दिवसाची कामं करायची. आठ तास झोपून उठल्यावर निम्म्याच्या आसपास अक्षरं आठवत, तितकाच वेळ जागं राहिल्यावर जेमतेम एखादं. तास तेवढेच, नुकसान वेगळं. संशय काळावरून पुढच्या अनुभवांवर सरकला. रात्री वाचून झोपणाऱ्या मुलाला ओरडू नये, इतपत आधार या प्रयोगातून नक्की मिळतो.

ही सगळी मंडळी शिकलेलं किती उरतं ते मोजत होती. काय जातं आणि कोणत्या क्रमाने जातं, हा प्रश्न डॉक्टरांपुढे आला. थेओद्युल रिबो या फ्रेंच अभ्यासकाने १८८१ मध्येच नोंदवलं होतं, की मेंदूच्या आजारात ताजं आधी जातं आणि जुनं शेवटपर्यंत तग धरतं. हे वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली. शेवटच्या दोन वर्षांत सकाळचा चहा घेतला की नाही हे तिला सांगता येत नसे, पण जात्यावरची ओवी कुणी सुरू केली की पुढच्या ओळी ती सरळ गात जाई. आम्हाला ते गूढ वाटे. रिबो यांनी ते नियम म्हणून मांडून शंभराहून जास्त वर्षं लोटली होती.

त्या नियमामागची यंत्रणा दिसायला लागली ती एका मोठ्या दुर्दैवातून. १ सप्टेंबर १९५३ रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदांनी हेन्री मोलेसन नावाच्या २७ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली. लहानपणापासून त्याला आकडी येई आणि औषधांनी ती आवरत नव्हती. स्कोव्हिल यांनी दोन्ही बाजूंच्या कानशिलामागच्या खंडांचा आतला भाग काढला. त्यात हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग गेला. त्याच्या आकारावरून सोळाव्या शतकात समुद्रघोड्याचं हे ग्रीक नाव त्याला दिलं गेलं होतं. आकडी पुष्कळ कमी झाली. बुद्धी शाबूत राहिली, बोलणं शाबूत राहिलं. पण त्या दिवसानंतर घडलेलं जवळजवळ काहीच हेन्रीच्या मनात थांबेना.

माँट्रियलहून मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर त्याला तपासायला येऊ लागल्या. प्रत्येक भेटीत त्या त्याला नव्याच. एकदा त्यांनी त्याला ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला. काही व्यत्यय आला नाही तेव्हा मनातल्या मनात आकड्यांच्या जुळण्या करत त्याने तो पंधरा मिनिटं धरून ठेवला. मग लक्ष दुसरीकडे गेलं, आणि आकडा तर गेलाच, असा काही आकडा धरला होता हेही गेलं. १९५७ मध्ये स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा लेख आला, त्यात त्याचा उल्लेख केवळ ‘एच. एम.’ असा होता. खरं नाव २००८ च्या डिसेंबरमध्ये तो वारल्यावरच जगाला कळलं.

त्याच्यावर झालेला एक प्रयोग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आरशात बघत दुहेरी रेषांच्या मधून चांदणी गिरवायची. हात उलटाच जातो, कुणाचंही सुरुवातीला हसं होतं. हेन्री तीन दिवस गिरवत राहिला आणि दर दिवशी सफाई वाढत गेली. तिसऱ्या दिवशी हात सराईत झाला होता, पण आपण हे आधी कधी केलं आहे याची त्याला कल्पना नव्हती. म्हणजे स्मृती ही एक वस्तू नव्हेच. हाताची वेगळी, घडलेल्या प्रसंगांची वेगळी. शस्त्रक्रियेच्या बऱ्याच आधीचं बालपण त्याला सांगता येई, म्हणजे जुनं साठतं तेही हिप्पोकॅम्पसमध्येच असं नाही. नवं टिकवून ठेवण्याच्या कामात मात्र तो लागतो. कार्ल लॅशली यांनी उंदरांच्या मेंदूचे निरनिराळे भाग कापून आठवणीची एक जागा शोधायचा अनेक वर्षं प्रयत्न केला आणि १९५० मध्ये हात टेकले, त्याचंही कारण इथे कळू लागतं. ते शोधत होते ते एकाच जागी नव्हतं.

पुढचा टप्पा पेशींचा. १९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दाखवलं, की वेगाने उत्तेजित केलेले चेतापेशींचे दुवे पुढे तासन्‌तास बळकट राहतात. एरिक कँडल यांनी समुद्री गोगलगाईवर काम करून या दुव्यांमधले रासायनिक बदल उलगडले. २००० सालच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. शिकण्याची भौतिक खूण सापडली. विसरणं म्हणजे ही खूण पुसली जाणं, असं मानायला आता हरकत नव्हती.

पण आठवण एकदा पक्की झाली की तशीच राहते, हे गृहीतक डळमळत होतंच. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये दाखवलं होतं, की उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा इंग्रज वाचकांनी पुन्हा सांगताना तिच्यातल्या डोंग्यांच्या साध्या होड्या झाल्या, सीलची शिकार मासेमारी झाली. प्रत्येकाने कथा आपल्या घरची करून घेतली होती. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, ‘धडकून चक्काचूर झाल्या’ तेव्हा किती होता. आठवड्याने प्रश्न आला : फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हतीच. पहिल्या गटात ५० पैकी सात जणांनी ‘हो’ म्हटलं, दुसऱ्यात ५० पैकी १६ जणांनी. प्रश्नातलं एक क्रियापद आठवणीत शिरून तिथे काचा पसरून गेलं. साक्षीदाराच्या प्रामाणिकपणावर शंका न घेताही त्याच्या आठवणीवर शंका घ्यावी लागते, हे न्यायालयांपर्यंत पोचायला याच कामाने वाट केली.

२००० मध्ये करीम नादेर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लेडू यांनी याची पेशींच्या पातळीवरची बाजू दाखवली. एक आवाज झाला की विजेचा झटका बसतो, हे उंदरांना शिकवलं होतं. आठवण पक्की झाली होती. मग तो आवाज ऐकवून ती जागी केली आणि लगेच नवी प्रथिनं बनू न देणारं औषध मेंदूत दिलं. भीती ओसरली. आवाज न ऐकवता नुसतं औषध दिलं तर काहीच फरक पडला नाही. काढलेली वस्तू परत फडताळात ठेवावी लागते, तशी जागवलेली आठवण परत बसवावी लागते, आणि त्या वेळेपुरती ती पुन्हा ओली असते. आपण सर्वांत जास्त वेळा सांगितलेला प्रसंग म्हणूनच सर्वांत शुद्ध राहिला असेल, याची खात्री देता येत नाही.

मग संशय फिरत फिरत थेट घरात आला. २०१२ मध्ये फळांवरच्या बारीक माशीवर काम करताना दिसलं, की डोपामिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाचे जे पेशीसमूह तिला वास शिकवतात, तेच शिकलेलं पुसण्याचंही काम करतात. शिकवून झाल्यावर त्यांना गप्प केलं तर आठवण जास्त टिकते. २०१४ मध्ये टोरंटोतल्या संशोधकांनी उंदरांत पाहिलं, की हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी जन्मतात तेव्हा जुन्या जोडण्या विस्कटतात. पिल्लांत नव्या पेशी भराभर तयार होतात, म्हणून पिल्लं लवकर विसरतात. जन्मतःच बरीच वाढ झालेल्या गिनीपिगच्या पिल्लांत हे विसरणं तसं दिसत नाही. पहिल्या तीन वर्षांतलं आपल्याला काहीच का आठवत नाही, याचं आतापर्यंत मिळालेलं मला सर्वांत पटलेलं उत्तर हेच. मेंदू वाढतो आहे, म्हणून वाट मोडते आहे.

न विसरणाऱ्या माणसाचं काय होतं, तेही नोंदलेलं आहे. मॉस्कोत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी सॉलोमन शेरेशेव्हस्की या माणसाला काही दशकं तपासलं. आकड्यांचे लांबच लांब तक्ते तो वर्षांनंतरही सांगे. पण चेहरे ओळखायला त्याला अवघड जाई, कारण प्रत्येक हावभावागणिक चेहरा त्याला निराळा दिसे. आपण लक्षात राहावं म्हणून लिहितो. त्याने विसरता यावं म्हणून लिहून पाहिलं, ते कागद जाळूनही पाहिले. राखेतही त्याला आकडे दिसत.

आणि पुसलं गेलं असं वाटलेलं खरंच पुसलं जातं का? २०१५ मध्ये सुसुमु तोनेगावा यांच्या अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या गटाने उंदरांना भीती शिकवल्यावर लगेच प्रथिनं रोखणारं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी उंदरांना काही आठवेना. शिकताना जाग्या झालेल्या नेमक्या पेशींवर खूण करून ठेवली होती. त्यांच्यावर निळा प्रकाश टाकताच उंदीर भीतीने थिजले. आठवण होती, तिच्यापर्यंतची नेहमीची वाट तेवढी बंद होती. पुढच्या वर्षी याच गटाने अल्झायमरसारखी लक्षणं असलेल्या उंदरांत, आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यावर, हेच करून दाखवलं.