धुराकडे पाहा, मग कुत्रं सोडा

होळी होऊन आठवडा झालेला. सकाळी सहाला नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या रस्त्याने निघालं की कुणीतरी पेटवलेल्या पालापाचोळ्याचा धूर गुडघ्याएवढ्या उंचीवर लोळत पडलेला दिसतो. नऊ वाजता त्याच ढिगातला धूर सरळ वर चाललेला असतो. कुत्र्याला माग कधी लागेल, हे ओळखायला मला एवढी खूण पुरते. वासही हवेबरोबरच फिरतो, फक्त दिसत नाही.

रात्री जमीन हवेपेक्षा लवकर निवते. तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, ती वर चढत नाही, आणि तिच्यातला वासही तिथेच अडकतो, नेमका कुत्र्याच्या नाकासमोर. ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट उठतात आणि माग विस्कटतो. खरं तर उष्णतेने वासाचे रेणू जास्त सुटतात, म्हणजे वास वाढायला हवा. वाढतोही, पण टिकत नाही.

दुसरी बाब ओलीची. जनावर चालतं तेव्हा त्याच्या त्वचेचे बारीक कण गळत जातात. त्यांवर जिवाणू काम करतात आणि त्यातूनही वास निघतो. या कामाला ओल लागते. थंड देशांत वसंत म्हणजे बर्फ वितळून भिजलेली जमीन. आमच्या विदर्भात वसंत म्हणजे पायाखाली कुरकुरणारी सागाची वाळकी पानं. दव संपलेलं, दुपारची हवा कोरडी ठणठणीत.

नाकालाही ओल हवीच. आतल्या ओलसर अस्तरात रेणू विरघळले तरच ते वास टिपणाऱ्या पेशींपर्यंत पोचतात. अशा पेशी माणसाच्या नाकात ५०-६० लाख, तर कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या वर. हुंगताना ते सेकंदाला चार-पाच वेळा हवा ओढतं. पण अंगभर घाम येत नसल्याने निवण्यासाठी त्याला जीभ काढून धापाच टाकाव्या लागतात, आणि धापा टाकता टाकता नीट हुंगता येत नाही. कुत्र्याच्या अंगाचं तापमान ३८-३९ अंश सेल्सिअस. नागपूरचा पारा मार्चमध्येच ३६-३७ पर्यंत जातो, एप्रिलमध्ये ४० ओलांडतो. अंग आणि हवा यांत फरकच उरला नाही तर धापा टाकल्याशिवाय ते बिचारं निवणार कसं?

फुलांच्या वासाने कुत्रं गोंधळतं, असं पुष्कळांना वाटतं. मला ते फारसं पटत नाही. एका वासातून दुसरा निवडणं हेच तर त्याचं कसब. मोहाच्या झाडाची अडचण वेगळीच आहे. पहाटे फुलं टपटप गळतात, ती खायला हरणं येतात, अस्वलं येतात, वेचायला माणसं येतात. एका मागावर दहा ताजे माग चढतात. शिवाय फुलं सहज वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो. उरते ती राख आणि उघडी, तापणारी जमीन.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीसाठी कुत्रं बाळगण्याचा विषय संपला. आता हेच नाक पेंच-मेळघाटात वनविभागाची श्वानपथकं शिकाऱ्यांविरुद्ध वापरतात. आणि गंमत अशी, की दख्खनचं नावाजलेलं शिकारी कुत्रं म्हणजे कारवान, ते मुळात डोळ्याने शिकार हेरणारं. लांब पायांचं, सडपातळ, दिसलेल्या सशामागे सुसाट धावणारं. दुपारच्या कोरड्या हवेने त्याचं एवढं बिघडत नसावं.

आमची लॅब्राडोर मात्र नाकावरच जगते. तिच्यासाठी मी जुन्या बनियनची चिंधी झुडपात लपवतो. सहाला ती दोन मिनिटांत शोधते, शेपटी गरागरा फिरवत. परवा उशीर झाला, साडेनऊ वाजले. तीच चिंधी, तेच झुडूप. ती दोनदा अगदी जवळून गेली, जीभ हातभर बाहेर, आणि शेवटी कडुलिंबाच्या सावलीत पोट टेकून बसली. चिंधी मीच काढून आणली, वाडग्यात पाणी ओतलं. तिने ते संपवलं, नाक चाटलं, आणि मग कुठे माझ्या हाताकडे वळून हुंगायला लागली.