रोपे कुरतडणारी अळी

अ‍ॅग्रोटिस इप्सिलॉन या निशाचर पतंगाची अळी. कृषी सेवा केंद्रांत हिला सरळ ‘कटवर्म’ म्हणतात. कुल नॉक्ट्युइडी, हरभऱ्यावरची घाटे अळी आणि मक्यावरची लष्करी अळीही याच कुलातल्या. त्या दोघींचे नाव गावोगाव पोचले, ही मात्र दुर्लक्षितच राहिली.

पतंग राखाडी-तपकिरी असून पंख पसरल्यावर ४ ते ५ सेंमी भरतो. पुढच्या पंखावरच्या मूत्रपिंडाकृती ठिपक्याला लागून कट्यारीच्या आकाराची काळी खूण असते. जर्मन कीटकतज्ज्ञ हुफनागेल याने १७६६ मध्ये या जातीचे वर्णन केले. जगात ती जवळजवळ सर्वत्र आढळते, आणि उत्तर अमेरिकेत हे पतंग वाऱ्यावर हजाराहून अधिक किलोमीटर गेल्याची नोंद आहे.

पूर्ण वाढलेली अळी चार-साडेचार सेंमी लांब, काळपट आणि तेलकट दिसते. लहानपणी ती पानांवर जगते. मोठी झाली की दिवसा मातीत दडते आणि रात्री रोप जमिनीलगत कापते. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरी, सिन्नर भागात टोमॅटो, कोबी, कांद्याचे रोप आणि रब्बी हरभरा ही तिची आवडती पिके. सकाळी रोप आडवे दिसते, कधी त्याचे पान अर्धे मातीत ओढलेले असते. बुंध्याजवळची दोन-तीन सेंमी माती बोटाने उकरावी. अळी अंगाची गुंडाळी करून पडलेली सापडते. शेतकरी पुष्कळदा हुमणीला, म्हणजे भुंगेऱ्याच्या मातीतल्या अळीला, दोष देतात. पण हुमणी रोपाची मुळे खाते, त्यामुळे रोप उभ्याउभ्या सुकते. कापून पडत नाही.

खरी गोम तणात आहे. मादी शेकड्यांनी अंडी घालते, तीही बहुधा जमिनीलगतच्या तणावर. लागवडीच्या तोंडावर तण काढले की अर्धवट वाढलेल्या भुकेल्या अळ्यांपुढे कोवळ्या रोपांखेरीज काही उरत नाही. तेव्हा रान दोन-तीन आठवडे आधीच स्वच्छ करावे. उन्हाळी नांगरटीने मातीतले कोष उघडे पडतात, साळुंक्या-बगळे ते टिपतात. संध्याकाळी सरीत गवताचे छोटे ढीग ठेवून सकाळी त्याखालच्या अळ्या वेचणे हा जुना उपाय रोपवाटिकेत अजून चांगला चालतो. मोठ्या रानात मजुरी परवडत नाही. भर दुपारी पानांवर मारलेले औषध बहुतेक वायाच जाते, कारण त्या वेळी अळी मातीखाली असते. फवारणी किंवा कोंडा-गुळाचे विषारी आमिष दिवस मावळताना, बुंध्याशीच द्यावे. मग नांगे, म्हणजे रोपे मेल्याने रिकाम्या पडलेल्या जागा, नव्या रोपांनी भरावेत.