ट्रेलर जड असतो, पण बॅटरी खातो तो वारा

जुलै २०१९ मध्ये फोर्ड कंपनीनं आपल्या विजेवरच्या पिकअपच्या प्रायोगिक गाडीला मालगाडीचे डबे जोडले. वजन दहा लाख पौंडांहून अधिक, म्हणजे साडेचारशे टनांच्या वर. गाडीनं ते ओढून दाखवलं. पुढे बाजारात आलेली एफ-१५० लायटनिंग मोठ्या बॅटरीवर सुमारे ५१५ किलोमीटर धावते, पण मागे अडीच टनी उंच कॅम्पर, म्हणजे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, लावला की हा पल्ला निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो, असा अमेरिकेतल्या अनेकांचा अनुभव आहे. साडेचारशे टन ओढणाऱ्या गाडीला अडीच टन का जड जावेत?

जोर कमी पडत नाही. विजेची मोटर पहिल्या फेऱ्यापासूनच भरपूर पीळ, म्हणजे चाक फिरवणारा जोर, देते. शिवाय रुळावरच्या लोखंडी चाकांना घर्षण फार कमी आणि तिथं वेगही अगदी मंद होता. हमरस्त्यावर प्रश्न ऊर्जेचा असतो.

ढोबळ हिशेब करून पाहू. बॅटरी १३१ युनिटची, वीजबिलातलं असतं तेच युनिट. नुसत्या गाडीला १०० किलोमीटरला साधारण २५ युनिटं लागतात. अडीच टनी कॅम्परच्या टायरांचं घर्षण त्यात सात-आठ युनिटांची भर घालतं. हवा मात्र ताशी १०० किलोमीटर वेगाला एकटीच २५ ते ३० युनिटं घेते. पिकअपच्या टपावरून वर आलेली कॅम्परची सपाट भिंत समोरची हवा अडवते आणि पाठीमागे भोवरे उठतात, त्याची ही किंमत. बेरीज साठीच्या घरात जाते आणि पल्ला सव्वादोनशे किलोमीटरच्याही आत येतो.

घाटाची भीती त्यामानानं अवाजवी आहे. अडीच टन वजन १,००० मीटर उंच चढवायला जेमतेम सात-आठ युनिटं लागतात, आणि उतारावर मोटरच जनित्र होऊन त्यातला बराच भाग परत बॅटरीत भरते. म्हणून बुटक्या ट्रेलरवर लादलेलं जड सामान परवडतं, उंच रिकामं खोकं परवडत नाही.

पेट्रोलच्या गाडीलाही हाच वारा लागतो. पण १३१ युनिटं म्हणजे जेमतेम १५ लिटर पेट्रोलमधली ऊर्जा. पेट्रोलची टाकी त्याच्या कितीतरी पट मोठी आणि पाच मिनिटांत भरणारी, त्यामुळे तिथं ही गळती फारशी टोचत नाही. विजेच्या गाडीला थांबे वाढतात, आणि बऱ्याच चार्जिंग स्टेशनांवर जागा एकाच गाडीपुरती असते. मग ट्रेलर सोडा, चार्ज करा, पुन्हा जोडा.

हाताशी असलेला सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वेग कमी करणं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १०० वरून ८० वर आलात की तो तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटतो. दर १०० किलोमीटरला कॅम्परच्याच वाट्याची दहाएक युनिटं वाचतात.

खरा बदल कॅम्परच्या आकारातच व्हायला हवा. इतकी वर्षं भिंतीसारखे उभे कॅम्पर विकले गेले, कारण इंधनाच्या मोठ्या टाकीनं ती चूक झाकली. २०२३ मध्ये लाइटशिप या अमेरिकी कंपनीनं ‘एल-१’ हा कॅम्पर दाखवला. त्याला स्वतःची बॅटरी आणि मोटर आहे, त्यामुळे तो आपला भार बराचसा आपणच वाहतो. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते त्याचं छत: प्रवासात ते खाली बसतं आणि मुक्कामाला पोचल्यावर वर उचललं जातं.