पाणी बेताने पी, बाहेर जायचंय

घरातून निघताना पाणी कमी प्यायचं, ही सवय आपल्या शहरांत वाढलेल्या मुलीला कुणी मुद्दाम शिकवावी लागत नाही. आईकडे बघून ती लागते. दिवस बाजारात, कोर्टाच्या आवारात किंवा एसटी स्टँडवर काढायचा असेल, तर आधी मनात हिशेब होतो: वाटेत ‘जायची सोय’ कुठे आहे? स्त्रियांसाठी सुरक्षित शहर हा विषय निघाला की हल्ली कॅमेरे, गस्त आणि हेल्पलाइन यांचीच चर्चा होते. मला मात्र त्याची पार्श्वभूमी या हिशेबापासून सांगावीशी वाटते. महाराष्ट्रात बायकांच्या सांगण्यावरून शहरातल्या जागांची रचना खरोखर बदलली, त्यातलं सर्वांत ठोस काम शौचालयांच्या प्रश्नावर झालं.

रस्ता बाईचा नाही, ही समजूत फार जुनी. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा शिकवायला निघालेल्या सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर वाटेत शेण आणि दगड येत. त्या सोबत एक जादा लुगडं ठेवत आणि शाळेत पोचल्यावर मळलेलं बदलत. आपण ही गोष्ट त्यांच्या धैर्याची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण ती रस्त्याचीही गोष्ट आहे. शाळा उघडली होती, शाळेपर्यंतची वाट उघडली नव्हती. त्या वाटेवरचा बंदोबस्त ज्या बाईला चालायचं होतं तिनेच आपल्या पिशवीतून न्यायचा होता.

मुंबईने पुढे बायकांना वेगळा डबा दिला. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अख्खी लोकलच महिलांसाठी सोडली. लाखो बायकांच्या नोकऱ्या या डब्यांवर टिकल्या, हे मान्यच. पण डबा प्रवासापुरता. स्टेशनातून बाहेर पडल्यावर काय, याचं उत्तर त्यात नव्हतं.

ते उत्तर शोधायला सुरुवात झाली भायखळ्याच्या फुटपाथवर. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, तरी रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटवण्याची मुभा महापालिकेकडे राहिली. त्याच सुमारास ‘स्पार्क’ या संस्थेबरोबर काम करणाऱ्या फुटपाथवरच्या बायकांनी बचतगट उभे केले आणि १९८६ मध्ये ‘महिला मिलन’ ही त्यांची संघटना आकाराला आली. घर कसं हवं, हे त्यांनी वास्तुविशारदाला विचारलं नाही. साड्या धरून खोलीची लांबी-रुंदी मोजली आणि खऱ्या मापाची नमुना घरं उभारून लोकांना दाखवली. माळ्याला जागा मिळावी म्हणून छत उंच हवं, ही मागणी तिथूनच आली.

याच बायकांनी वस्तीतल्या संडासांकडे मोर्चा वळवला. पालिकेचे जुने संडास ज्यांनी वापरलेत त्यांना ते चित्र सांगावं लागणार नाही: एकच रांग, घाईच्या वेळी पुढे घुसणारे पुरुष, नळाला पाणी नाही, दिवा फुटलेला. मोठ्यांच्या रांगेत मुलांची पाळी येतच नसे, म्हणून ती बाहेर गटाराच्या कडेला बसत. बायका अंधार पडायची वाट पाहत, आणि अंधारातच धोका जास्त.

महिला मिलनने आणि वस्त्यांच्या संघटनांनी जी शौचालयं आखली, त्यांत ही प्रत्येक अडचण बांधकामातून सोडवलेली दिसते. बायका आणि पुरुषांना वेगळी दारं, म्हणजे रांगा एकमेकींत मिसळत नाहीत. दोन्हीकडे उघडणारे दरवाजे, म्हणजे हातात बादली असली तरी अंग भिंतीला न घासता आत जाता येतं. मुलांसाठी वेगळी छोटी भांडी, तोल जाऊ नये म्हणून धरायला दांडा. पाण्याच्या मोठ्या टाक्या. देखभाल करणाऱ्या कुटुंबाला राहायला खोली, म्हणजे तिथे कायम कुणाचा तरी वावर. वापरणाऱ्या कुटुंबाला महिन्याचा पास. १९९९ मध्ये पुण्याचे महापालिका आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी हे काम शहरभर घ्यायचं ठरवलं आणि दोन-तीन वर्षांत चारशेहून जास्त शौचालय-इमारती उभ्या राहिल्या. आधीच्या तीस वर्षांतही पुण्यात एवढं झालं नव्हतं. नगररचना शिकणाऱ्या प्रत्येकाने या इमारती पाहायला हव्यात असं मला मनापासून वाटतं.

हे झालं वस्तीचं. कामासाठी शहरभर फिरणाऱ्या बाईचं काय? २००३ ते २००६ या काळात ‘पुकार’ या संस्थेने मुंबईत स्त्रिया आणि सार्वजनिक जागा यांवर संशोधन केलं. बाई बाहेर दिसते ती कामाला निघालेली, हातात पिशवी, कानाला फोन, चाल भराभर. नुसती उभी राहिलेली बाई लोकांच्या डोळ्यांत खुपते, म्हणून ती सतत काहीतरी काम असल्याचं दाखवत राहते. बाकावर विनाकारण बसण्याचा हक्क हा सुरक्षिततेचाच भाग आहे, हे या अभ्यासाने ठामपणे मांडलं.

२०११ मध्ये ‘कोरो’ आणि तीसहून अधिक संस्थांनी ‘राईट टू पी’, म्हणजे लघवीचा हक्क, ही मोहीम सुरू केली. नाव ऐकून अनेकांनी नाकं मुरडली. पण आकडे बोलके होते. २०१२ च्या सुमारास मुंबईत सार्वजनिक शौचालयांत पुरुषांसाठी ५,९९३ आणि बायकांसाठी ३,५३६ जागा होत्या. पुरुषांच्या २,४६६ मुताऱ्या त्याखेरीज. पुरुषाला लघवी फुकट, बाईला मात्र पैसे मोजावे लागत. आत ती कशासाठी गेली हे आम्हाला कसं कळणार, असं काउंटरवरचा माणूस विचारी. भाजी विकणारी बाई दिवसातून चार वेळा गेली तर तिच्या कमाईतून किती जातात, हे मोहिमेतल्या कार्यकर्त्या सह्या गोळा करताना लोकांना विचारत.

डिसेंबर २०१२ ची दिल्लीतली घटना आणि ऑगस्ट २०१३ मध्ये महालक्ष्मीच्या शक्ती मिलच्या ओसाड आवारात झालेला सामूहिक बलात्कार यांनी साऱ्या चर्चेचा रोख बदलला. स्त्रियांच्या सुरक्षेसाठी केंद्राचा निर्भया निधी आला, आठ महानगरांच्या ‘सेफ सिटी’ योजनेत मुंबईचं नाव आलं, कॅमेरे वाढले. हे सगळं गरजेचं होतं. पण शक्ती मिल ही गिरणी बंद पडल्यावर वर्षानुवर्षं पडीक राहिलेली जागा होती, भर शहरात, रेल्वे स्टेशनजवळ. माणसांचा वावर संपलेल्या अशा जागांचा प्रश्न नियोजनाचा आहे, आणि तो त्या गदारोळात मागे पडला.

पुण्यात ‘मिळून साऱ्याजणी’ हे मासिक न्यायालयात गेलं होतं. त्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये निकाल देताना स्वच्छ शौचालय हा स्त्रीच्या सन्मानाने जगण्याचा भाग मानला आणि राज्यातल्या महापालिकांना रस्त्यांवर व सार्वजनिक ठिकाणी स्त्रियांसाठी स्वच्छतागृहांची योजना आखायला सांगितलं. पुढे पुण्यात जुन्या बसमध्ये ‘ती’ नावाची स्त्रियांसाठीची स्वच्छतागृहं निघाली. मुंबईचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला, त्यात नोकरदार स्त्रियांच्या निवासासाठी आरक्षणं आली. त्यासाठी महिला संघटना आराखड्याच्या मसुद्यावर हरकती नोंदवत, बैठकांना बसत आल्या होत्या. स्टेशनबाहेर पथारी टाकून बसणाऱ्या भाजीवालीला मात्र आजही दुपारी शेजारणीला माल सांभाळायला सांगून, सुटे पैसे मुठीत घेऊन उघडं शौचालय शोधत जावं लागतं.