जीबी जास्त म्हणजे कार्ड भारी?
बेळगावात सेकंडहँड कॉम्प्युटर घेणाऱ्या पोरांत एक समज घट्ट बसलाय: ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड २ जीबीच्या दुप्पट पळतं. साफ खोटं. जीबी म्हणजे कार्डातल्या मेमरीची जागा, जणू निपाणीतली तंबाखूची वखार. कितीही मोठी असू दे, दार अरुंद तर माल हलायचा कसा? ६४ बिटचं (म्हणजे अरुंद दाराचं), डीडीआर३ या जुन्या, संथ मेमरीचं ४ जीबी जीटी ७३० कार्ड सेकंदाला जेमतेम १४ जीबी डेटा हलवतं. २ जीबीचं जीटीएक्स १०५० तब्बल ११२. खानापूरच्या मावसभावानं खोक्यावरचा आकडा बघून पहिलंच उचललं (मला विचारलंही नाही), आता गेम अडखळतोय. १०५० ला ७५ वॅट लागतात, बहुतेक मॉडेल मदरबोर्डवरच्या स्लॉटच्याच (कार्ड बसतं त्या खाचेच्या) विजेवर चालतात. मात्र कॅबिनेट बारीक असेल तर आधी पट्टी लावून बघा. पूर्ण उंचीचं कार्ड त्यात बसत नाही.